आतली कडी

निवडणूक लागली की आमच्या वाडीत आधी हलतात त्या बंदुका. झेंडे, रिक्षा, भोंगे सगळं मागाहून येतं. २०२४च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा मी गावीच होते. कणकवलीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी आमचं घर. भात कापणीला आलेलं. चुलतभावाने सकाळी माळ्यावरून ठासणीची बंदूक काढली, नळी पुसली, गोणपाटात गुंडाळली, लायसनची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि मुलाला स्कूटरवर मागे बसवलं. पोराने बंदूक मांडीवर उभी धरली, आजारी म्हातारीला दवाखान्यात न्यावं तशी. दुपारी दोघे पावती घेऊन परत आले. त्याच रात्री डुकरं खालच्या मळ्यात उतरली. अर्धा मळा लोळवून, तुडवून गेली.

"डुकरांका आचारसंहिता नाय," भाऊ म्हणाला आणि राहिलेलं भात कापायला गेला.

सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत असे शेतीसंरक्षणाचे परवाने पुष्कळ आहेत. निवडणूक आली की बंदूक जमा, निकाल लागला की परत. खरं तर सरसकट सगळ्यांची शस्त्रं उचलू नयेत, जिल्ह्याच्या समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगून झालं आहे. पण न्यायालयाचा शब्द घाटाखाली पोचेपर्यंत भात कापून होतं. शिवाय बंदूक घरी असती तरी भावाला डुकरावर बार टाकता आला नसता. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे राखणीसाठी बंदूक द्यायची आणि ज्याच्यापासून राखायचं त्याला हात लावायचा नाही. मग ही बंदूक आहे कशासाठी?

हा प्रश्न मी लहानपणी आजोबांना विचारला होता. मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूरहून आम्ही गावी जायचो. संध्याकाळी आजोबा पडवीत बसून बंदूक भरायचे. शिंगातून दारू मापून नळीत ओतायची, वर नारळाच्या सोडणाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एक बार भरायला चुलीवर चहाला आधण येईल इतका वेळ लागे. ते काजीच्या बागेकडे तोंड करून आभाळात बार काढायचे. आवाज डोंगरावर आपटून परत यायचा.

"बंदूक आसता ती आवाजासाठी," ते म्हणाले होते. "डुकराक कळाक होया, हंय कोणतरी जागो आसा."

दसऱ्याला ही बंदूक कोयता, विळा आणि नांगराच्या फाळाशेजारी पाटावर ठेवली जाई. तिलाही झेंडूचं फूल. आमच्या घरात ती अवजार होती. तिच्यात मर्दुमकी आहे, स्वातंत्र्य आहे, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मात्र आजोबा तिची वही बंदुकीपेक्षा जपायचे. बंदूक माळ्यावर, वही देवघरात. तहसील कचेरीत नूतनीकरणाला जाताना धुतलेलं धोतर नेसायचे. त्यांचे वडील सांगत की त्यांच्याही वडिलांच्या काळी घरात तलवार होती, ती कुणा साहेबाच्या भीतीने भाताच्या कणगीखाली पुरली आणि मग कुठे पुरली ते पुरणाराच विसरला. आम्ही पोरांनी ती शोधण्यासाठी एका सुट्टीत मागचं अंगण खणलं. तलवार मिळाली नाही, मार मिळाला.

गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. पण साहेबाची भीती खरी होती. १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरला आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. त्याच वर्षी त्याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर लगाम घालणारा कायदा आणला. इंग्रजी पत्रं त्यातून वगळली. एका वर्षात त्याने लोकांच्या माळ्यावरही हात घातला आणि लेखणीवरही. वर्तमानपत्रांचा कायदा चारेक वर्षांत गेला, रिपनने तो काढला. शस्त्रांचा मात्र इंग्रज गेल्यावरही १९५९ साली नवा कायदा होईपर्यंत टिकला. लिटनच्या कायद्याला वर्ष होतं न होतं तोच, १८७९ साली, शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून बंड केलं. परवाना मागायला काही ते गेले नव्हते.

आजोबांच्या वहीमागे हा सगळा इतिहास होता. त्यांना तो ठाऊक नव्हता. त्यांना एवढंच ठाऊक होतं की बंदूक आपली असली तरी वही सरकारची आहे.

आजीची गोष्ट वेगळी. ती बंदुकीला कधी शिवत नसे. "मेल्या लोखंडाक काय हात लावूचो?" म्हणायची. पण त्या बंदुकीने माणसावर एकदाच तोंड फिरवलं ते आजीच्या हातून.

माझे वडील तेव्हा पाळण्यात होते. आजोबा मुंबईला गेलेले. पावसाळ्याची रात्र. वीज गावात यायला अजून कितीतरी वर्षं होती. पहिल्या झोपेत आजीला दाराशी हालचाल ऐकू आली. आधी वाटलं कुत्रा. मग कडी हलली. आमच्या जुन्या घराच्या दाराला आतून लोखंडी कडी आहे, हाताच्या पंजाएवढी. आजी उठली आणि विचारलं, "कोण?"

उत्तर नाही.

पुन्हा विचारलं, "कोण आसा भायर?" पाऊस तेवढा वाजत होता. कडी पुन्हा हलली. आजीने पाळणा आतल्या खोलीत ओढला. माळ्यावर चढली, बंदूक काढली, खिडकीच्या गजांतून नळी बाहेर काढली आणि तिसऱ्यांदा विचारलं.

इथपर्यंत आली की आजी थांबायची, सुपारी कातरायची. आम्ही ओरडायचो, मग काय झालं? मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं: "भितर दारू नाय, छर्रे नाय. पण ता भायरच्याक खंय म्हायत?"

भायरचा गेला. सकाळी विहिरीकडे चिखलात पावलं उमटलेली दिसली, मोठी, अनवाणी. चोर होता, वाट चुकलेला होता की कुणी भुकेला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. लहानपणी मला ही शूर आजीची गोष्ट वाटायची. आजी मात्र शेवटी एक वाक्य हळू आवाजात जोडायची, आणि ते आम्ही कधी नीट ऐकलं नाही. ती म्हणायची, "बरा झाला, दारू नव्हती."

पुढे कायद्याशी संबंधित कामात पडले तेव्हा आजीची ती रात्र मी कलमांवर ताडून पाहिली. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याकडे मोठा आहे. मेकॉलेच्या मंडळाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला तेव्हा त्यांना वाटत होतं की इथले लोक अत्याचार फार मुकाट सोसतात. म्हणून हा हक्क त्यांनी हात सैल सोडून दिला. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत तो ९६ ते १०६ या कलमांत आला. १ जुलै २०२४पासून तो न्यायसंहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, गाभा तोच. जीव वाचवायला, अब्रू वाचवायला माणूस प्रतिकार करू शकतो. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीत तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. दोन मर्यादा आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी मदत मागायला वेळ असेल तर आपण हात उचलायचा नाही. पावसाळ्याच्या रात्री घाटाच्या पायथ्याशी एकट्या बाईला कसली सरकारी मदत? म्हणजे आजीची बाजू भक्कम होती.

गंमत अशी की जे राज्य १८६०मध्ये म्हणालं, मुकाट मार खाऊ नका, त्याच राज्याने अठरा वर्षांनी हातातलं हत्यार काढून घेतलं. हक्क दिला आणि साधन कुलपात ठेवलं. हा पेच पुढे कुणी सोडवला नाही. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून शस्त्रकायद्याविरुद्ध ठराव केले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना खुद्द गांधींनी लिहिलं की इंग्रजी अमलाच्या दुष्कृत्यांत देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा सगळ्यात काळा गणला जाईल. १९३१च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे.

मग घटनेत तो का नाही? त्याचं एक उत्तर मला सोलापुरात मिळालं, आणि ते देणाऱ्याने बंदुकीचं नावही काढलं नव्हतं.

माझे वडील सोलापुरात शिक्षक होते. त्यांचे एक सहकारी आमच्याकडे रविवारी यायचे. आम्ही त्यांना मास्तरकाका म्हणायचो. गणित शिकवायचे. वर्गात सगळे शिक्षक नावं पुकारून हजेरी घेत, हे मात्र वर्गात आल्यावर मुलांवरून नजर फिरवायचे आणि पटावर टिपून टाकायचे. कुणाचं नाव पुकारायचे नाहीत. एकदा मुख्याध्यापकांनी हटकलं. त्या रविवारी चहा पिताना ते वडिलांना म्हणाले, "सर, मला ते जमत नाही. हजेरी म्हटलं की माझा बाप ओळीत उभा दिसतो."

मास्तरकाका सेटलमेंटमध्ये जन्मलेले. सोलापुरात आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणतात. तिथे उतरणाऱ्या किती जणांना या शब्दामागचं तारेचं कुंपण माहीत असेल? १८७१ साली इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९११च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला आणि बोटांचे ठसे घ्यायची तरतूद आली. कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी. गुन्हा कुणी केला हा प्रश्नच नाही, जन्म कुठे झाला एवढं पुरे. कुंपणाच्या आत वस्ती, बाहेर कामाला जायचं तर पास, आणि ठरल्या वेळी हजेरी. मास्तरकाका सांगत, आई बाळंत झाली तरी हजेरीला नाव पुकारलं जाई आणि कुणीतरी बाळ आणून दाखवावं लागे. "मी या जगात आलो ते हजेरीला," असं म्हणून ते हसायचे. मला ते हसणं आवडत नसे.

त्यांची एक आठवण मी विसरले नाही. ते म्हणाले, "आमच्या खोल्यांना दारं होती. पण फाटकाची कडी बाहेरून."

३१ ऑगस्ट १९५२ला देशभरात हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्यानंतर लवकरच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९चा. यादी गेली, पण पोलीस पाटलाच्या डोक्यातली यादी कोण रद्द करणार? गावात चोरी झाली की आजही पालावर पहिली जीप जाते.

आता घटनासभेकडे येते. १९४८च्या डिसेंबरात मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कराचीच्या शब्दाची ते आठवण करून देत होते. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं असं की स्वतंत्र देशात आग्रह धरायचा तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, देशावर वेळ आली तर शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा. वाचताना मला आधी ते कोरडं वाटलं. मग मास्तरकाका आठवले. ज्या समाजात कुणाच्या हाती शस्त्र शोभतं आणि कुणाच्या हाती शस्त्र म्हणजे दरोडा, हे जातीवरून ठरतं, तिथे हा हक्क मोकळा सोडला तर तो आधी कुणाच्या माळ्यावर जाऊन बसेल? गढीवर की पालावर? गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नसणार.

कर्नाटकातल्या कोडगूची गोष्ट याच्या उलट बाजूची. तिथल्या कोडव जमातीला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमलापासून शस्त्रपरवान्यातून सूट आहे. राजनिष्ठ, विश्वासू, म्हणून. ती सूट स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली. २०१९मध्ये केंद्राने ती दहा वर्षांसाठी वाढवली. कोडव घरात मूल जन्मलं की बंदुकीचा बार काढून आनंद साजरा करतात. एकाच साहेबाच्या दोन वह्या. एकीत नाव असलं की जन्माला बंदुकीची सलामी, दुसरीत असलं की जन्माला हजेरी. दोन्हीकडे बाळाने काहीच केलेलं नसतं.

त्याच घटनासभेत, कामतांच्या मागोमाग, मध्य प्रांत-वऱ्हाडातूनच आलेले काझी सय्यद करीमुद्दीन उभे राहिले. त्यांची दुरुस्ती घराबद्दल होती: वाजवी कारणाशिवाय कुणाच्या घराची, कागदपत्रांची झडती घेऊ नये. ही मात्र आंबेडकर मान्य करायला तयार होते. आदल्या वर्षी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी स्वतःच असं कलम लिहिलं होतं. सभेने ती शेवटी स्वीकारली नाही. पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचीही मागणी झाली होती, तीही मागे पडली. बंदुकीवरचा वाद लोकांना आठवतो. दाराच्या कडीवरचा हा वाद कुणाला आठवत नाही, आणि मला वाटतं आपलं नुकसान झालं ते तिथे.

ते नुकसान आमच्या घरी निळ्या अंतर्देशीय पत्रातून आलं. १९७५च्या आणीबाणीत माझे धाकटे काका मिसा कायद्याखाली आत गेले. कुठल्या कारागृहात होते ते महत्त्वाचं नाही. आजीला महिन्याकाठी पत्र यायचं. चिकटवलेली कड आधीच उघडलेली, मधल्या ओळींवर काळी शाई. आजीला वाचता येत नव्हतं. वडील वाचून दाखवायचे. एकदा काळ्या ओळींपाशी ते अडखळले तशी ती म्हणाली, "थंय काय लिवलेला?" वडील म्हणाले, "पुसलंय." "कोणी?" वडिलांना उत्तर देता आलं नाही. काकांना सुटल्यावर विचारलं, काय होतं त्या ओळींत? ते म्हणाले, "मला आंबोळीची आठवण येते एवढंच. का पुसलं, त्यांनाच ठाऊक."

पत्र फोडायला सरकारला आणीबाणी लागत नव्हतीच. १८९८च्या टपाल कायद्यात ती सोय होती आणि १८८५च्या तार कायद्यात तारेची, पुढे टेलिफोनची. १९८६मध्ये संसदेने टपालाबाबत हे अधिकार आणखी रुंद करणारं विधेयक मंजूर केलं तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने त्यांना घावन-रस खायला बोलावलं असतं. आता दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी २०२३मध्ये टपालाचा आणि दूरसंचाराचा नवा कायदा आला. पत्र उघडण्याची, बोलणं ऐकण्याची सोय दोन्हींत शाबूत आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो उत्तर प्रदेशातला खडक सिंग. १९४१मध्ये दरोड्याच्या संशयावरून त्याला धरलं, पुरावा नाही म्हणून सोडलं. पण पोलिसांनी त्याच्या नावे वही उघडली. मग रात्री-अपरात्री शिपाई येत, चौकीदार येत, दार ठोठावत, झोपेतून उठवत. तू घरात आहेस ना, बस, एवढंच. १८ डिसेंबर १९६२ला सर्वोच्च न्यायालयाने हे रात्रीचं दार ठोठावणं घटनाबाह्य ठरवलं. पण बहुमताने असंही म्हटलं की खासगीपणाचा हक्क म्हणून घटनेत काही नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव वेगळं बोलले, ते अल्पमतात गेलं. कडी वाचली, घर वाचलं नाही.

ते वाचायला आणखी पंचावन्न वर्षं लागली. आधारच्या सक्तीविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी न्यायालयात गेले होते, वयाची ऐंशी ओलांडलेला माणूस. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतल्या ज्या निकालाला चुकीचं ठरवलं, त्यावर त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांची सही होती. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी दुरुस्त करून सांगाव्या लागतात, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

त्या निकालाने सरकारला घराच्या आत डोकवायला बंदी केलेली नाही. अटी घातल्या. कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि डोकावणं हेतूच्या मापाचं हवं. मी हे वाचलं तेव्हा मला आजीचा आवाज ऐकू आला. कोण? कशाक? किती वेळ? यापलीकडे ती दाराआडून कुणाला काही विचारत नसे. उत्तर पटलं की कडी काढायची, गुळाचा खडा आणि पाणी द्यायची.

भाचा टेक्ससमध्ये असतो. २०२१पासून तिथे बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. गेल्या गणपतीत तो आला तेव्हा भावाच्या लायसनच्या वहीला पोट धरून हसला. तिथली घटना बंदुकीचा हक्क आणि झडतीपासूनचं संरक्षण दोन्ही १७९१पासून हक्कांच्या एकाच यादीत सांगते. बंदूक हातात असली की सरकार दबून राहतं, असं तिकडे पुष्कळांना वाटतं, हे तो सांगत होता. मग त्याची सात वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली की शाळेत त्यांना दिवे मालवून, दाराला आतून कुलूप लावून, बाकांखाली गप्प बसायचा सराव करावा लागतो. पडवीत सगळे गप्प झाले. आजीची रात्र त्या पोरीच्या वर्गात दरवर्षी भरते, एवढंच माझ्या मनात आलं. आणि तिथे बाहेरच्याकडे दारू भरलेली असते.

म्हणून बंदुका वाढवा म्हणणाऱ्यांत मी नाही. भावाला ऐन कापणीत बंदूक जमा करायला लावू नये, डुकराने केलेल्या नुकसानीचे पैसे वेळेवर द्यावेत, परवाना देताना आडनाव बघू नये, इतकी माझी मागणी साधी आहे. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा ठेवली, त्याचंही मला दुःख नाही. आमच्याकडे एक आहे आणि तीही आवाजापुरती.

माझा जीव अडकतो तो वहीत. भावाच्या लायसनचा नंबर आता दिल्लीच्या संगणकात आहे. बंदुकीची नोंद असावी, त्यात माझी तक्रार नाही. पण रेशनला अंगठा, सिमकार्डाला अंगठा, आणि आता आमच्या तिठ्यावर कॅमेरा. त्याचं तोंड नेमकं आमच्या अंगणाकडे आहे. जिथे आजी न्हाऊन केस वाळवायची, तिथे. मी भावाला म्हटलं, जरा फिरवायला सांग ना. तो म्हणाला, "गे ताय, आपल्याकडे लपवूक आसा तरी काय?"

काही नाही. काकांच्या पत्रातही काही नव्हतं, आंबोळी होती. मास्तरकाकांच्या बापाकडे तर लपवायला खिसासुद्धा नव्हता. मी भावाला विचारलं, त्या कॅमेऱ्यातलं बघतो कोण? त्याला माहीत नव्हतं. सरपंचाला विचारून येतो म्हणाला. विचारून आला. सरपंचालाही माहीत नव्हतं.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. चार-पाच दिवस गेले. एका रात्री जेवणं आटोपून मी दार लावून घेतलं आणि वाचत बसले होते. भाऊ शेजारच्या नव्या घरात राहतो, जुन्यात मी एकटी. कडी वाजली. हात कामाला लागायच्या आधी तोंडातून शब्द गेला.

"कोण?"

"मी गे," भाऊ म्हणाला. "आणि बंदूक. पावती दिलंय, सुटली एकदाची. तुज्या माळ्यार ठेवतंय, आमच्याकडे पोरा आसत."

मी कडी काढली.